आईच्या थुंकीचा अहवाल

दोन्ही घरांचं पहिलं एकत्र जेवण चाललेलं. माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या, हानग्योलच्या आईने भाजलेला मासा आणि किमची यांच्या मधोमध एक पांढरी डबी ठेवली. भर जेवणात!

"बोरम बाळ, यातल्या नळीत थुंकायचं आणि पाठवून द्यायचं. तुझी जनुकं तपासून खास तुझ्यापुरतं क्रीम बनवून देतात. लग्नापर्यंत चेहरा उजळेल बघ."

मी जमीन मोजणीच्या खात्यात आहे. सोल शहराच्या बाहेर, डोंगरउतारांवर, दिवसभर दुर्बीण लावून उभी असते. गालांवर वांग आहे, नाकावर ठिपके आहेत, आणि ते कुठून आले हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. मान वर केली की कारण दिसतं. मी तसं सांगणारच होते, तेवढ्यात आईने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

"किती विचार करता हो विहीणबाई!" ती म्हणाली. हानग्योल माशाचे काटे काढण्यात गुंग होता.

घरी येऊन मी ती डबी कपाटात फेकली. पुढच्या आठवड्यात बघते तर जागेवर नाही. आईच्या दुकानावर गेले.

"आई, डबी कुठेय?"

"पाठवली."

"मी थुंकलेच नाही अजून!"

"मी थुंकले ना." मोज्यांचे जोड लावता लावता आईने असं सांगितलं की जणू माझ्या वाटचं वीजबिल भरलं.

आईचं मोज्यांचं दुकान मेट्रोच्या वाटेवरच्या भुयारी बाजारात आहे, आणि तिची कांती हा त्या बाजाराचा अभिमान आहे. साठी आली तरी चेहरा सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा. शेजारचे दुकानदार गिऱ्हाइकांना मुद्दाम दाखवतात.

"तू थुंकून काय निघणार होतं? वांगच! माझं झकास निघेल, विहीणबाईंचं तोंड बंद होईल. एकदाचं लग्न पार पडू दे गं बाई."

"अगं, पण क्रीम मला लावायचंय!"

"क्रीम ते क्रीम. त्याला काय कळतंय कुणाचा गाल ते?"

मी कपाळावर हात मारून घेतला. या बाईपुढे डोकं फोडून उपयोग नाही, भिंतीला काही होत नाही.

अहवाल अर्थातच विहीणबाईंच्या फोनवर आला. त्या एका शनिवारी दुपारी क्रीमचं खोकं घेऊन थेट दुकानात उतरल्या. आईला जेवता यावं म्हणून मी गल्ल्यावर बसले होते, ती मागे बसून डबा खात होती. विहीणबाईंचा चेहरा असा, जणू मयताला आल्यात.

"डाग, सावध. सुरकुत्या, सावध. कातडी सैल पडणं, सावध." त्यांनी फोनवरून वाचून दाखवलं. "बाळ, तुझ्या रक्तातच आहे गं हे. आता ती उन्हातली नोकरी सोडायचीच. लग्नाआधी सोड. मी हानग्योलशी बोलले, तो 'बघू' म्हणाला."

बघू! माझ्या नोकरीचं हा बघणार! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण आई पांढरीफटक पडली होती.

"विहीणबाई," ती म्हणाली, "ती थुंकी माझी होती."

मला वाटलं, आता लग्न मोडलं. पण विहीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी आईची हनुवटी धरली आणि तिचा चेहरा ट्यूबलाइटकडे वळवला, बाजारात कलिंगड बघतात तसा.

"जनुकं अशी, आणि चेहरा हा? लावता तरी काय?"

"काय लावणार?" आई हसली. "ही तान्ही असताना दुकान घेतलं. उजाडायच्या आत खाली उतरते, अंधार पडला की वर जाते. ऊन लागलं तर डाग पडतील ना!"

ती गंमत म्हणूनच बोलली. विहीणबाईंचे डोळे मात्र लकाकले.

"बघ बोरम! एवढी वाईट जनुकं असूनसुद्धा! नुसतं ऊन टाळलं की झालं. आईकडे बघून तरी शीक. तुला एखादं टेबलावरचं काम आम्ही बघून देतो."

मी तोंड उघडलं, पण आईने मला बोलूच दिलं नाही.

"नाही," ती म्हणाली. इतके महिने 'हो विहीणबाई, बरोबर विहीणबाई' करणारी माझी आई!

"काय नाही?"

"ती नोकरी सोडणार नाही. पाऊस पडला हे मला गिऱ्हाइकाच्या ओल्या छत्रीवरून कळतं. चेरी फुलली हे लोकांच्या फोनमध्ये दिसतं. हिचे गाल काळे पडू देत, नाहीतर हिरवे होऊ देत. तुम्हाला चालत नसेल तर आत्ताच सांगा. आमच्या घरातली एक बाई जमिनीखाली गेली, तेवढी पुरे झाली."

विहीणबाईंनी क्रीमचं खोकं गल्ल्यावर ठेवलं. लग्नाचं आता काय होणार, हे आम्हा तिघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आईने मोज्यांचा गठ्ठा उगाच उचलून छातीशी धरला. तिच्या त्या चेहऱ्यावर ट्यूबलाइटचा उजेड पडला होता. नितळ, एक डाग नाही. लहानपणापासून मी त्या चेहऱ्याचा हेवा करत आले होते. आज मला तो बघवेना.