तेरा किलो जास्त

“वर्षभरात आपल्या पोरींनी अख्खा देश ओढून नाही आणला, तर मिशी उतरवीन,” असं सर स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाले. सर म्हणजे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले मदतनीस, आणि एकोणीस वर्षं कॉलेजच्या मुलींच्या रस्सीखेच संघाचे फुकटातले प्रशिक्षक. राष्ट्रीय महासंघाचं सदस्यत्व त्यांनीच प्राचार्यांच्या हात धुऊन मागे लागून मिळवलं होतं. आठवड्याभरात महासंघाची नियमावली आली आणि देश राहिला बाजूला, शेजारचं कॉलेजही ओढता येईना. सदस्यांनी बिगरसदस्यांशी खेळायचं नाही, असा नियम. आणि आसपास सदस्य म्हणाल तर हेच एकटे.

मग पोरी मैदानाच्या कडेच्या झाडाला दोर बांधून सराव करू लागल्या. झाडही सदस्य नव्हतंच, पण त्याची तक्रार करणार कोण? रोज झाडच जिंकायचं.

खरी मेख नियमावलीच्या पुढच्या पानावर होती. आठ जणींचं मिळून वजन पाचशे किलोच्या आत हवं. सरांनी एकेकीला कोठारातल्या काट्यावर चढवलं. बेरीज आली पाचशे तेरा. त्यातले एकशे चार एकट्या ढिम्मचे.

ढिम्म ही सरांची मुलगी. संघात सगळ्यात मागे, दोर काखेतून खांद्यावर घेऊन उभी राहायची. एकदा टाच रोवली की जागची हलायची नाही, म्हणून पोरींनी लाडानं ठेवलेलं नाव. बसमध्ये, वर्गातल्या बाकावर, नातेवाइकांच्या फोटोत जे वजन सगळ्यांना नडायचं, ते जगात फक्त त्या दोराला हवं होतं. प्राचार्यांनी सोपा उपाय सुचवला, की हिलाच काढा आणि एखादं पाप्याचं पितर घ्या. सरांना ते फार लागलं. मुलगी संघातच राहील आणि वजन जाईल, असं ठणकावून ते बाहेर पडले. बाकीच्या सात जणींच्या अंगावर उतरवण्यासारखं काही नव्हतंच. तेव्हा तेराच्या तेरा किलो लेकीच्या वाट्याला आले.

घरात उकडलेल्या कोबीचं राज्य सुरू झालं. अर्धं अंडं नेमकं अर्धंच असावं म्हणून सरांनी प्रयोगशाळेतला नाजूक तराजू घरी आणला.

“अहो, पोर आहे ती, पावडर नाही,” बायको म्हणाली.

“आई, राहू दे गं,” ढिम्म म्हणाली. “दोर सोडण्यापेक्षा हे बरं.”

ती जिन्यात मधेच बसायला लागली. विचारलं तर बुटाची नाडी सुटली म्हणायची. तिच्या बुटांना नाड्या नव्हत्या. सरांनी ते पाहिलं होतं, तरी त्यांनी नाडीवर विश्वास ठेवला, कारण काटा उतरत होता.

स्पर्धेच्या दिवशी महासंघाच्या काट्यावर आठ जणी भरल्या पाचशे किलो चारशे ग्रॅम. सरांनी टेबलावरची कात्री उचलली आणि आठही वेण्या कापल्या. पोरी रडल्या. अश्रूंचंही वजन असतं, असं सर म्हणाले, पण कुणी हसलं नाही. काटा पाचशेला टेकला. पंचांनी शिक्का मारला.

शिट्टी वाजली. आधी ढिम्मची टाच सुटली, मग गुडघे वाकले, मग डोळे फिरले. पुढच्या सात जणींना मागे काय झालंय ते कळलंच नाही, त्या दात-ओठ खात ओढत राहिल्या आणि समोरच्यांनी त्यांच्यासकट सगळंच ओढून नेलं. दोर खांद्यात अडकलेला, त्यामुळे शुद्ध हरपलेली ढिम्मही सहा हात फरपटत गेली. पंचांनी वहीत लिहिलं : शेवटच्या खेळाडूने खाली बसून खेळ रोखला, ताकीद.

सर धावले. लेकीचा उजवा खांदा भलत्याच कोनात लोंबत होता. तिनं डोळे उघडले.

“बाबा, मी हलले?”

“नाही बाळा,” सर म्हणाले. “तसूभरही नाही.”

मातीत तिच्या टाचांच्या दोन लांब रेघा होत्या. सर तिच्या आणि त्या रेघांच्या मधे जाऊन बसले.

जखमी खेळाडूला महासंघाच्याच डॉक्टरांनी हात लावायचा, असा नियम होता. डॉक्टर जेवायला गेले होते. पाऊण तासानं आले, सदस्यत्वाचा क्रमांक विचारून घेतला आणि खांदा घट्ट बांधून दिला. डावा.