आंदणाची लोकर

"नगद असल तर बगा ताई," असं म्हणत भिवराबाईंनी घोंगडी पुन्हा घडी करायला घेतली. "कारडाचं मला जमंना."

समोरच्या बाई नांदेडहून नवऱ्यासोबत प्रदर्शन बघायला आल्या होत्या. घोंगडी त्यांनी गालाला लावून बघितली होती, उजेडात धरून बघितली होती, आणि किमतीला घासाघीसही केली नव्हती. "अहो मावशी, नोटा कोण घेऊन फिरतं आता? मशीन तर आहे की तुमच्यासमोर," त्या म्हणाल्या.

मशीन होतं. परभणीच्या त्या मैदानावर बचत गटाच्या प्रत्येक स्टॉलला एकेक दिलं होतं. प्रदर्शन सुरू झाल्यापासून भिवराबाईंनी ते रुमालाखाली झाकून ठेवलं होतं. जाताजाता कोणी विचारलं तर त्या बॅटरी उतरली असं सांगत.

यंत्राला घाबरणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. पण या घोंगडीचे पैसे त्यांना हातात हवे होते, आणि त्याला कारण होतं.

लग्नात त्यांच्या बापाने आंदण म्हणून एक काळी मेंढी दिली होती. त्या मेंढीची आणि तिच्या पोटच्यांची लोकर बाईची, त्या लोकरीच्या घोंगडीचे पैसेही बाईचे, त्यात घरातल्या गड्याने हात घालायचा नाही, ही त्यांच्यातली जुनी रीत. लोकर त्या स्वतः कातायच्या, विणायचे त्यांचे यजमान, येडबा. आंदणाची घोंगडी ओळखू यावी म्हणून ते तिच्या काठाला लाल सूत घालत. ती विकून आली की काय केलं, किती आले, असं त्या माणसाने उभ्या जन्मात विचारलं नाही. बाकी येडबा काही देवमाणूस नव्हते. तापट होते, दोनदा त्यांनी ताट भिरकावलं होतं. पण एवढी एक गोष्ट त्यांनी पाळली. लेकीच्या, दैवशालाच्या बाळंतपणात तूप गेलं ते याच पैशातून, आणि भिवराबाईंच्या पायात चप्पल आली तीही. कोणाच्या तोंडाकडे न बघता खर्च करता येईल असा पैसा त्यांना आयुष्यात तेवढाच मिळाला.

येडबा गेल्या साली वारले. हातातली ही त्यांनी विणलेली शेवटची घोंगडी होती. आणि आंदणाच्या मेंढीच्या वंशातली एकच मेंढी आता गोठ्यात उरली होती, ती म्हातारी, पुन्हा व्यायणार नव्हती. तिच्याबरोबर रीतही जाणार होती. पण चुडाव्याच्या भावाकडे, किशनरावांकडे, त्याच रक्ताची एक तरणी काळी मेंढी होती. किशनराव गुडघ्यांनी थकले होते, पोरांना मेंढरांमागे फिरायचं नव्हतं, म्हणून त्यांनी आगाऊ रक्कम घेऊन सगळा कळप रविवारी व्यापाऱ्याला द्यायचं कबूल केलं होतं. "विसार घेऊन बसलोय, अक्का," ते म्हणाले होते. "पण गाडी भरायच्या आत पैसे दिलेस तर तेवढी एक काढून देतो, मनलाय तो."

म्हणून नगद.

नांदेडच्या बाई जायला निघाल्या होत्या, तेवढ्यात गटाच्या नीलम मॅडम फोटोवाल्याला घेऊन आल्या. नीलम मॅडम वाईट नव्हत्या. त्यांच्या मागेही वरचे लोक लागलेले असत, कोणत्या स्टॉलवर मशीन चाललं आणि कोणत्या नाही, याचा जाब त्यांनाच द्यावा लागे. त्यांनी रुमाल उचलला, बटण दाबलं, मशीन छान पेटलं.

"बॅटरी तर भरलेली आहे, मावशी."

नांदेडच्या बाई परत वळल्या. त्यांनी कार्ड टेकवलं, मशीन वाजलं, त्याच्या पोटातून एक चिठ्ठी बाहेर आली. आजूबाजूच्या चारजणींनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्याने भिवराबाईंच्या एका हातात मशीन दिलं, दुसऱ्या हातात चिठ्ठी, आणि हसा म्हणाला. त्या हसल्या. घोंगडी तोवर कापडी पिशवीत जाऊन बसली होती, लाल काठ तेवढा वर दिसत होता.

चिठ्ठी त्यांनी पदराच्या गाठीत बांधली. बँकेत खिडकीवर असा कागद दिला की पैसे मिळतात, हे त्यांनी विधवा पगाराच्या वेळी बघितलं होतं. हा कागदही तसाच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली, आणि खरं सांगायचं तर त्या रात्री निवांत झोपल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक विरळ झाल्यावर त्यांनी शेजारच्या स्टॉलवर गाठ सोडली. तिथे वालूरची सुकेशनी कापडी पिशव्या विकायची. पोरगी शिकलेली होती आणि तोंडावर खरं बोलायची.

"सुकेशनी, ह्याचे पैसे कोणत्या बँकीत मिळतेत गं? मला परवा चुडाव्याला जायचंय."

सुकेशनीने चिठ्ठी उलटसुलट बघितली. "मावशी, ह्याच्यावर पैसे न्हाई मिळत. ही निस्ती पावती हाय. पैसे खात्यात जातेत. मशीनला खातं कोणाचं जोडलंय?"

"फारम माज्या पोरानं भरला, आदिनाथनं. माजं खातं बंद पडलंय मनला, अंगठा उमटंना मनून."

सुकेशनीने स्वतःच्या फोनवरून आदिनाथला लावला आणि फोन भिवराबाईंच्या कानाला दिला.

"आदिनाथ, घोंगडी गेली बग. पैसे आले का तुज्याकडं?"

"आले की माय, सकाळीच आले," पलीकडून पोरगा खुशीत बोलत होता. "लय बरं झालं. गाडीचा हप्ता तटला होता, बँकीनं लगेच कापून बी घेतला. न्हाईतर गाडी वढून नेणार होते ते."

भिवराबाईंनी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"आरं, ती आंदणाची होती."

"कोणती?"

"लाल काठाची. तुज्या बापानं इणलेली."

"मग काय झालं? पैसे घरातच ऱ्हायले की. गाडीवर दवाखान्यात कोण बसून जातंय? तूच ना? आता ह्या वयात काय माजं-तुजं करायलीस, माय."

पोरगा दारुडा नव्हता, उद्धट नव्हता. त्याने चोरीही केली नव्हती. आलेला पैसा बापाच्या हातात जातो आणि बापानंतर पोराच्या, एवढंच त्याला ठाऊक होतं. आंदणाची रीत त्याला कोणी शिकवली नव्हती. येडबांनी ती पाळली होती, पण बोलून दाखवली नव्हती. भिवराबाईंना त्या घटकेला पोरापेक्षा मेलेल्या नवऱ्याचाच जास्त राग आला.

"मी हायेत तेवढे देते, मावशी," सुकेशनी म्हणाली. "पुरायचे न्हाईत, पण..."

"नगं गं," भिवराबाई म्हणाल्या. "तुजी पोरं तुज्याकडं बगून हायेत."

तरी रविवारी त्या चुडाव्याला गेल्या. का गेल्या, हे त्यांना सांगता आलं नसतं. बाकीची लोकरीची आसनं विकून आलेले चार पैसे कमरेला होते, तेवढ्यात मेंढीचा पायही आला नसता. स्टेशनवरून चालत त्या भावाच्या दारात पोचल्या तेव्हा निम्मी गाडी भरली होती. किशनराव बाजेवर बसले होते. बहिणीचं तोंड बघूनच त्यांना कळलं, त्यांनी मान खाली घातली.

काळी मेंढी अजून खाली होती. व्यापारी तरणा होता, बोलायला मऊ. "मावशी, नगद नसलं तरी चालतंय," असं म्हणत त्याने गळ्यात अडकवलेला स्कॅनरचा पुठ्ठा पुढे धरला. "फोनवरून टाका."

भिवराबाईंकडे फोन नव्हता. त्यांनी पदराची गाठ सोडली, घामाने मऊ झालेली चिठ्ठी काढली आणि त्याच्यापुढे धरली. कागदाचा उपयोग नाही हे त्यांना सुकेशनीने सांगितलं होतं, तरीही धरली. त्याने वाचली, नीट घडी केली आणि त्यांच्या हातात परत दिली.

"पोराला लावा की फोन," तो म्हणाला.

"नगं," भिवराबाई म्हणाल्या. "चढवा तिला."

किशनरावांनी जेवून जा म्हटलं. त्या जेवल्या नाहीत.

पालमला एसटीतून उतरून त्या आपल्या गावात आल्या तेव्हा दुपार कलली होती. आदिनाथ घरी नव्हता, मोटरसायकल मात्र होती. येडबांचा माग जिथे होता तिथे, मागाचा खड्डा बुजवून त्यावर ती उभी केलेली असे, कारण सावली तेवढ्याच जागेला होती. पोराने तिच्यावर फडकंही घातलं होतं. म्हातारी मेंढी मात्र उकिरड्याजवळ उन्हात बांधलेली होती, जिभेने नाक चाटत.

भिवराबाईंनी पिशवी खाली ठेवली. फडकं काढलं, स्टँड पायाने वर घेतला आणि दोन्ही हातांनी गाडी ढकलत ढकलत अंगणाच्या मधोमध नेऊन उभी केली. दम लागला तशा दोनदा थांबल्या. मग मेंढी सोडून आणली आणि मागाच्या जागी, सावलीत बांधली.

आदिनाथ आला तो दारातच थांबला. "माय, गाडी भाईर काढली? सीट तापून फाटंल ना."

"भाईर कुठं?" भिवराबाई म्हणाल्या. "अंगण बी घरातच हाय की."

त्याने आईकडे बघितलं, मग सावलीत बांधलेल्या मेंढीकडे. भिवराबाईंनी फळीवरची कातर उतरवली, मेंढीचं डोकं मांडीवर घेतलं आणि मानेपासून लोकर कातरायला सुरुवात केली. विणणारं आता घरात कोणी नव्हतं. काळी लोकर त्या फडक्यावर पडत राहिली, आणि त्या एकेक झुपका उचलून त्यातली काटेकुसळं काढत राहिल्या.