लीनचं विरजण

शेजारच्या देवमनभाऊची जीप आमच्या बांधाला लागून उभी राहिली, तेव्हाच मला कळलं की आता आपली खैर नाही. जीपमध्ये बायांना ओढायला गरम भजी होती, वर ताडपत्रीची सावली होती आणि गाणीही वाजत होती. इंझोरीत यंदा सगळ्यांचा कापूस एकदमच फुटला, वरून आभाळ भरून आलेलं, आणि वेचणाऱ्या बाया तेवढ्याच. ज्याच्या वावरात बाया, त्याचा कापूस घरात. बाकीच्यांचा पावसात.

माझ्याकडे जीप नव्हती. माझ्याकडे लीन होता.

लीन हा मोबाइलवरच्या एका चिनी कादंबरीतला गडी. रोज एक प्रकरण यायचं, आपोआप भाषांतर झालेल्या मोडक्यातोडक्या हिंदीत. जग बुडालंय, सूर्य तांबडा झालाय, झाडं माणसं खातात, म्हशींचे राक्षस झालेत. लीन श्वास कोंडून ताकद कमावतो, तळहातातून वीज काढतो आणि साऱ्या पृथ्वीवर एकटाच उरलाय. मी सकाळी चहासोबत प्रकरण वाचायची आणि वेचता वेचता बायांना सांगायची. टोळीची मुख्य तुळसामावशी. ती जिकडे जाईल तिकडे सगळ्या जाणार, आणि लीनच्या पायी ती माझ्याकडे येत होती.

आणि नेमका याच आठवड्यात लेखक गायब झाला. लीन तेजफळ तोडायला गेला, वेलींनी त्याचा गळा आवळला, आणि पुढचं प्रकरण आलंच नाही. मी वेलींचं वर्णन लांबवून लांबवून दिवस काढले. शेवटी चंदा, टोळीतली सगळ्यात लहान पोरगी, जांभया द्यायला लागली.

"मावशी, उद्यापासून आमच्या वावरात या," देवमनभाऊ जीपमधूनच म्हणाला. "घ्याले येईन."

"पाहू," मावशी म्हणाली.

मावशीचं 'पाहू' मला चांगलं माहीत आहे. जीप हलल्याबरोबर मी लीनला सोडवायला घेतलं. आभाळ फाटलं, त्यातून एक सोन्याची तलवार पडली, लीननं ती उचलली आणि सपासप...

मावशीचा हात बोंडावरच थांबला. "हे लेखकाचं नाई. हे तुयं हाय."

"काहून?"

"त्या पोराले आजवर फुकट काई भेटलं नाई. घोटभर पान्यासाठी अजगराशी भांडला तो. अन तलवार आभायातून पडली?"

चंदा फिसकन हसली. मला राग आला. उन्हात घसा कोरडा करून सांगतेय, आणि वर परीक्षा. "मंग तुमीच सांगा, कसा सुटते तो?"

"वेली त्याले काहून आवयते, हे पाह्य ना आधी. जो आला त्यानं तोडून नेलं. कोनं एक घास टाकला त्यायले? त्यानं सीतादही केली नाई."

वेचणीच्या पहिल्या दिवशी वावरात दहीभात न्यायचा, चारी दिशांना शिंपडायचा, वेचणाऱ्या बायांना पोटभर वाढायचा आणि मगच पहिलं बोंड तोडायचं, ही आमच्याकडची सीतादही. यंदा आभाळाच्या धाकानं ती मीच गाळली होती. बाया तेव्हा मुकाट कमरेला कापसाच्या ओट्या बांधून ओळीला लागल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाई, सरळ सांगायचं ना! त्यासाठी चीनपर्यंत जायची काय गरज होती?

"पन मावशी, तो दही कुठून आनन?" चंदानं विचारलं. "म्हशी तं राक्षस झाल्या."

"राक्षस झाली तं दूध आटते काय?"

दहीभात कबूल केल्यावर वेलींनी लीनचा गळा सैल सोडला, आणि मग जी चर्चा पेटली! राक्षस म्हशीला बांधायचं कशानं, पान्हा कसा फुटेल, तिच्या लाथा कोण खाईल. ओळीच्या ओळी पांढऱ्याच्या हिरव्या झाल्या, कोणाला कळलं नाही. शेवटी दूध निघालं आणि मावशी कंबर धरून उभी राहिली. "दूध भेटलं. अन विरजन?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. विरजण काही झाडाला लागत नाही. ते कोणाच्या तरी घरूनच आणावं लागतं.

"इचार कर," मावशी म्हणाली आणि ओटी सोडली.

"उद्या येता ना?"

"पाहू."

घरी दूध होतं, पण दही दुपारच्या कढीत संपलेलं. सगळ्यात जवळचं घर कोणाचं? देवमनभाऊचं. वाटी पदराखाली घेऊन गेले. त्याची बायको साधना दारातच भेटली.

"दिवे लागले, वैभवी. आता दही देत नसतेत," ती म्हणाली. मग तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, आत गेली आणि चमचाभर दही वाटीत घातलं. "झाकून ने."

"कायले पाह्यजे विरजन?" देवमनभाऊनं बाजेवरूनच विचारलं.

"लीनले."

"कोन लीन?"

त्याला सांगत बसायला मला वेळ नव्हता.

सकाळी दहीभाताचं पातेलं डोक्यावर घेऊन निघाले. फाट्यावर जीप हॉर्न वाजवत उभी, आणि बाया तिथंच घोळक्यात. मावशीनं जीपकडे बघितलं, मग पातेल्याकडे, आणि आमच्या वावराच्या वाटेला लागली. मागोमाग सगळ्या.

मावशीनंच चारी दिशांना भात शिंपडला. मी एकेकीला वाढलं, परत परत वाढलं, सीतादहीला उशीर झाला म्हणून माफीही मागितली. मावशीनं बोटं चाटून हात धुतले, ओटी बांधली.

"आता सांग. विरजन कुठून आनलं त्यानं?"

"वेलीयच्या पलीकडं त्याले धूर दिसला," मी म्हणाले. "कोनीतरी चूल पेटवली होती. हा वाटी घेऊन गेला. दारात एक बाई उभी."

बायांचे हात थांबले. "म्हंजे तो एकटा नवता?" चंदानं विचारलं.

"नाई."

"माय व," मावशीनं पदरानं डोळे टिपले. "इतके दिस लेकरू उगाच एकटं राह्यलं." मग तिनं विचारलं, "अन तिनं देल्लं?"

"दिवे लागले होते," मी म्हणाले. "तरी देल्लं."