जाळ्याचं दुसरं टोक

"तानी, म्होरं जाऊ नगंस!"

"कंबरंएवढंच हाय की पाणी. आप्पा, तुमी दोर वडा, काळजी मागनं वडा!"

काठावर भरमू शिपाई हसला. मायाप्पा हसला नाही. जाळ्याचं दुसरं टोक घेऊन पाण्यात उतरायचं काम त्याच्या बायकोचं, यल्लव्वाचं होतं. गेल्या आषाढात वेदगंगेनं तिला नेलं. तेव्हापासून मायाप्पानं पाण्यात पाय घातला नव्हता. आता ते टोक लेकीच्या हातात होतं.

जाळं त्याचं, काम मत्स्य खात्याचं. नदीत कुठली जात किती उरली ते बघायचं; मासे मोजायचे, लांबी घ्यायची आणि जिवंत सोडून द्यायचे. म्हैसूरकडून आलेल्या साहेबांना मराठीचा गंध नव्हता; दुभाषा म्हणून खात्याचाच शिपाई भरमू.

मधेच जाळं अडकलं. खाली बुडालेली बाभळ असावी. तानी सोडवायला वाकली आणि गळ्यापर्यंत आत गेली.

"आप्पा, पाय गुतला!"

मायाप्पानं दोराला हिसका दिला. तानीचं डोकं पाण्याखाली गेलं, वर आलं, परत गेलं.

"बिडी! बिडी!" साहेब ओरडले.

"पोर मरतीया, आन् तुला बिडी पायजे व्हय रं, मुडद्या?"

"मायाप्पाण्णा, कानडीत 'सोडा' म्हंत्यात ते!" भरमू धावला. "दोर सोड! तू वडशील तसा फास आवळतोय!"

बाजारापुरती कानडी मायाप्पाला येत होती. पण विड्यांच्या निपाणीत जन्म गेलेला माणूस. भीतीनं त्याला विडीच ऐकू आली. आता कळलं, तरी मूठ उघडेना. दोर सोडला की पोरगी धारेला लागणार, एवढंच त्याला दिसत होतं. शेवटी भरमूनं त्याची बोटं उलगडली.

दोर सैल पडला. तानी खोकत काठाला लागली. पोटरीवर जाळ्याचे वळ उठले होते.

आज बास, असं साहेबांनी हातानंच सांगितलं. पण जाळं तिकडे तसंच तडफडत होतं.

"गाभोळीनं भरल्यात मासे," तानी उठली. "तशेच मरतील, आप्पा."

"बस खाली."

काठावरचा विळा घेऊन मायाप्पा पाण्यात उतरला. पाणी छातीला लागलं तसा तो थांबला. मग डोळे मिटून पुढं गेला.

जाळं सुटण्यासारखं नव्हतं. यल्लव्वानं विणलेलं, गाठ पक्की. त्यानं विळा लावला. मासे त्याच्या पोटाला घासत निघून गेले.

मागोमाग मोकळं झालेलं जाळं धारेला लागलं. हाताच्या अंतरावरच होतं. त्यानं ते धरलं नाही.