शिंप्याने कापलेले गॅस्केट

मी एक जुनी मोटारसायकल आहे. मित्रांनो, हसू नका. आता माझा एकच आरसा उरला आहे आणि हॉर्न सर्दी झाल्यासारखा वाजतो. पण तरुणपणी मी दारात उभी राहिले की गल्लीतली माणसे मला पाहायला उगाच फेऱ्या मारत.

माझा मालक शिंपी. त्याची बायको त्याच दुकानात काजे-बटणे करते. शिवलेले कपडे घरोघर पोहोचवणे हे माझे काम. मी ते ऊन-पाऊस न म्हणता केले. लोक माझे कौतुक करत आणि मीही फुशारून जरा जास्तच फटफट करत असे.

पण वय कोणाला चुकले आहे? माझ्या पोटाखाली तेलाचा थेंब पडू लागला. मालकाने कानाडोळा केला. एके दिवशी मात्र त्याने थेंब बोटाने चाचपला आणि त्याच बोटाने एका नवरदेवाच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाची घडी नीट केली.

"रविवारी भंगारवाला येतो," बायको म्हणाली. "तोवर गळती थांबली तर ठीक. नाहीतर ही त्याच्या हातगाडीवर चढेल!"

मी घाबरले. माझ्या चाकांतली उरलीसुरली हवाही गेली.

थेंब खाली पडतो म्हणून मालकाने खालचा बोल्ट आवळला. तरी थेंब पडला. त्याने आणखी आवळला. दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! शेवटी बायकोने माझे इंजिन स्वच्छ पुसले, कापडावर खुणा करायचा खडू कुटला आणि ती पूड माझ्या अंगभर भुरभुरली.

"आता करा सुरू."

मी खोकत सुरू झाले. थोड्याच वेळात पांढऱ्या पुडीवर एक काळी रेघ उमटली. ती इंजिनाच्या अगदी वरच्या झाकणापासून खाली आली होती.

"बघा! डोकं गळतंय आणि तुम्ही पाय आवळताय."

झाकणाखालचे गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारा जाड कागद, फाटले होते. मालक खुलला. कापाकापी म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ! त्याने नवा कागद आणला, झाकण ठेवून खडूने आखणी केली आणि कात्री चालवली. पण हात पडला शिंप्याचा. शिवणीच्या आत जादा कापड राखतात, त्याला माया म्हणतात. सवयीने त्याने कागदालाही चहूबाजूंनी माया ठेवली. ती बाहेर डोकावू लागली, तेव्हा त्याने ती सुबकपणे आत दुमडली, नखाने कड दाबली आणि वरून झाकण आवळले.

मी सुरू झाले मात्र, आधी थेंब होता तिथे आता धार लागली. बायकोने झाकण उघडायला लावले. दुमडलेली कड पाहून ती हसत हसत खालीच बसली.

"अहो, इंजिन काय वाढत्या अंगाचं आहे? पुढच्या वर्षी उसवून मोठं करणार होतात?"

मालक कानापर्यंत लाल झाला. दुसरे गॅस्केट त्याने आखलेल्या रेघेवरून तंतोतंत कापले. बिचाऱ्याचा जीव तुटत होता, पण कापले. झाकण पुन्हा आवळले गेले आणि बायकोने माझ्याखाली जाड पांढरे कापड अंथरले.

रविवारी भंगारवाल्याची आरोळी आली. बायकोने कापड ओढून उजेडात धरले आणि उलटसुलट करून पाहिले. त्यावर डागाचे नाव नव्हते. तोवर भंगारवाला दारात येऊन नजरेनेच माझे माप घेऊ लागला होता.

"हे घेऊन जा," म्हणत तिने दुमडलेले गॅस्केट त्याच्या हातावर ठेवले. मला रडू आले असते, पण तेल गळण्याची आता सोय नव्हती.

त्याच पांढऱ्या कापडातून तिने माझ्या सीटला खोळ शिवली. मालकाने ती उलटून पाहिली. आत दोन बोटे कापड राखलेले होते.

"अगं, आता हिचं काय वाढतं अंग आहे?"

तिने दाताने दोरा तोडला. "असू दे. अजून बरीच वर्षं वापरायचीय."

मित्रांनो, म्हाताऱ्या गाडीखाली थेंब दिसला तर नुसती जमीन पुसून मोकळे होऊ नका. तो कुठून निघतो ते वर पाहा. गॅस्केट मापात कापा. आणि खोळ शिवलीत, तर दोन बोटे कापड आत राहू द्या.