बाहीचा आवाज

एकोणीसशे अठ्ठावन्न साल होतं. तेव्हा सिनेमात पडद्यावर नट-नटी चालत, पण त्यांच्या पावलांचा आवाज नंतर एका बंद खोलीत दुसरंच कुणीतरी चालून भरत असे. शहरातल्या स्टुडिओत हे काम एक नवरा-बायको करत. पुरुषांची पावलं तो द्यायचा, बायकांची ती. खोलीच्या जमिनीत चौकोनी खड्डे होते. एकात खडी, एकात वाळू, एकात लाकडी फळ्या. भिंतीकडेला चाळीस-पन्नास जोड जुनेपुराणे बूट, समोर पडदा आणि काचेपलीकडे ध्वनिमुद्रक. हा गृहस्थ दिवसभरात "पुन्हा" याखेरीज फारसं काही बोलत नसे, म्हणून सगळे त्याला पुन्हासाहेब म्हणत.

तिच्या लग्नाला सात वर्षं झाली होती, आणि सात वर्षांत नवरा एकदाही तिच्या बरोबरीनं चालला नव्हता. कामावर निघालं की हा चार पावलं पुढे. बाजारात चार पावलं पुढे. तिची थोरली बहीण त्याला पुढारी म्हणायची. "तुझे पुढारी पोचले का गं? की अजून तुझीच मिरवणूक चाललीय?"

बोलण्याच्या नावानं तर सगळा आनंदच होता. छत गळतंय म्हटलं, की हं. दूध नासलं, हं. ताई चार दिवस राहायला येतेय, यावर जरा लांब हं.

मनात अढी बसली होती ती मात्र याची नव्हे. तीन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात तिचं पोटातलं मूल गेलं. तीन आठवडे ती इस्पितळात पडून होती, आणि हा पठ्ठ्या दुसऱ्याच दिवशी कामावर हजर. संध्याकाळी यायचा, खाटेजवळच्या स्टुलावर बसायचा, स्वतःचेच तळपाय चोळत राहायचा आणि भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली की उठायचा. तिला वाटे, उठून याच्या पाठीत स्टूल घालावं. उठायची ताकद नव्हती म्हणून वाचला.

ती कामावर परतली तर तिचे टाचेचे बूट कुणीतरी ताणून पार सैल करून ठेवलेले. तिनं झाडूवालीला धरलं. ती बिचारी शपथा घेऊन थकली, पण हिनं तिच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. तेव्हापासून बोटांशी कापूस कोंबून ती ते बूट घालत होती.

आता तिनं ठरवलं होतं. ताईच्या गावी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची जागा मिळत होती. हातातला सिनेमा शुक्रवारी संपला की शनिवारची गाडी. ट्रंक भरून पलंगाखाली सरकवली होती. नवऱ्याला तिनं समोर उभं राहून सांगितलं, "मी शनिवारी ताईकडे जातेय. कायमची."

तो म्हणाला, "हं."

सिनेमाही मेला नेमका तसलाच. शंभर वर्षांपूर्वीचं जोडपं, घरच्यांनी गळ्यात बांधलेलं, एकमेकांचं तोंड न बघणारं, आणि मग हळूहळू जीव जडत जाणारं. सुरुवातीची रिळं झरझर झाली. नायक तरातरा पुढे, नायिका मागे फरफटत. पुन्हासाहेबांना एकदाही पुन्हा म्हणावं लागलं नाही. दिग्दर्शक तर हरखून गेला. "वा वहिनी, काय राग आहे तुमच्या टाचेत!"

"असतोच," ती म्हणाली.

शुक्रवारी दुपारी शेवटचं रीळ लागलं. नायक-नायिका पहिल्यांदाच बागेतल्या खडीच्या वाटेवरून बरोबरीनं चालत होते. समोर कमरेएवढं कुंपण, त्यामुळे पाय दिसत नव्हते. पावलं कशी पडतात ते यांनीच ठरवायचं होतं. दोन माणसं, चार पाय, एक चाल.

पहिल्या खेपेला तो पुढे गेला. दुसऱ्या खेपेलाही. जागच्या जागी खडी तुडवायची, त्यातही हा माणूस पुढे कसा जातो हे तिला कळेना.

"पुन्हा," काचेपलीकडून आवाज आला.

पाचव्या खेपेला तिनं दात ओठ खाऊन वेग वाढवला, तर त्यानंही वाढवला.

"हे फिरायला निघालेत की आगगाडी पकडायला?" दिग्दर्शकानं विचारलं.

"आगगाडी उद्याची आहे," ती म्हणाली. "आज तरी नीट चाला हो."

"चालतोय की."

"कुणाबरोबर? तुमच्या सावलीबरोबर?"

"पुन्हा."

अकराव्या खेपेला पुन्हासाहेबांनी कानावरचे हेडफोन काढून टेबलावर आपटले आणि दार उघडून ते स्वतः खोलीत आले. त्यांना खोलीत आलेलं कुणी फारसं पाहिलं नव्हतं.

"दादा, हे काही व्हायचं नाही," ते म्हणाले. "वहिनींना बसू दे. दोघांचीही पावलं तुम्हीच द्या. एकदा तुमची घेऊ, त्यावर त्यांची. वहिनी इस्पितळात होत्या तेव्हा दिलीत तशी."

ती नवऱ्याकडे वळली.

"कशी दिली?" तिनं विचारलं.

नवरा खडीकडे बघत राहिला. पुन्हासाहेब गडबडले. "म्हणजे... तुम्हाला ठाऊक नाही? मालक तुमच्या जागी दुसरी बाई आणणार होते. दादा म्हणाले, आणू नका, तिची पावलं मी देतो. तीन आठवडे दिली की. कुणाला कळलं नाही."

"दाखवा," ती नवऱ्याला म्हणाली.

"आता काय दाखवायचंय?"

"दाखवा म्हणते ना."

तिनं बूट काढून त्याच्यापुढे ठेवले. त्यानं निमूटपणे आतला कापूस उपसला आणि आपले थोराड पाय कसेबसे आत कोंबले. टाचा बाहेरच राहिल्या. दिग्दर्शकानं तोंडावर हात धरला. मग नवरा खडीवर उभा राहिला आणि चालू लागला, आणि ती ऐकतच राहिली. ती तिचीच चाल होती. उजवी टाच किंचित घासून पडायची, थांबताना डावा पाय अर्धं पाऊल उशिरा यायचा. हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

"हे कुठं शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? रोज ऐकतो." तो बूट काढायला वाकला. "पुढं चाललं की मागून तुझं पाऊल ऐकू येतं. शेजारी चाललं की माझंच येतं."

तिला रडू यायला हवं होतं, पण तिचं डोकंच फिरलं. "सात वर्षं! तोंड शिवलं होतं का? तीन वर्षं मी त्या झाडूवालीशी बोलत नाहीये!"

"मला काय ठाऊक तू का बोलत नाहीस ते?"

"विचारायचं असतं!"

"रीळ चढवू का?" पुन्हासाहेबांनी हळूच विचारलं.

तिनं बूट पायात घातले, कापसाशिवायच. पडद्यावर जोडपं चालायला लागलं तशी तिनं नवऱ्याच्या सदऱ्याची बाही मुठीत घट्ट पकडली, पळणारं वासरू दाव्याला धरावं तशी. तो दचकला, पण थांबला नाही. बाही ताणली की त्याचं पाऊल आखडायचं, सैल पडली की लांबायचं. वाट संपेपर्यंत तिनं ती सोडली नाही.

पुन्हासाहेबांनी या खेपेला पुन्हा म्हटलं नाही. दिग्दर्शकानं विचारलं, "मध्येच ते कापड घासल्यासारखं काय आलं?"

"येऊ दे," पुन्हासाहेब म्हणाले.

घरी जाताना नवरा पुन्हा चार पावलं पुढे. चौकात तिनं हाक मारली, "थांबा."

तो थांबला.

"उद्या माझी गाडी आहे."

"हं."

"नुसतं हं चालणार नाही आज."

मागून येणारा सायकलवाला शिव्या घालत वळसा घेऊन गेला. "नको जाऊस," तो म्हणाला.

"एवढंच?"

"आणि झाडूवालीची माफी माग."

शनिवारची गाडी तिच्याविना गेली. ट्रंक मात्र तिनं वर्षभर रिकामी केली नाही. लागेल ते कपडे ओढून काढायची आणि धुऊन परत आतच ठेवायची. या माणसाचा काय भरवसा!

शिवणाची जागा ताईच्या शेजारणीला मिळाली, आणि ताईनं दोन वर्षं पत्र लिहिलं नाही. पुढे एकटी पडल्यावर ती यांच्याकडेच राहायला आली आणि मरेपर्यंत पुढारी पुढारी करत त्याच्याच हातचा चहा प्यायली. झाडूवालीनं माफी दिली, पण बदल्यात टाचेचे बूट मागून नेले. सिनेमा तीन आठवडे चालला. दिग्दर्शकानं पुढे लाकडी सामानाचं दुकान काढलं आणि ते बरं चाललं. पुन्हासाहेब निवृत्त झाल्यावर भलतेच बडबडे निघाले.

स्टुडिओ बंद पडला. मूल झालं नाही. नवरा एकोणऐंशी वर्षं जगला. शेवटी शेवटी गुडघे गेले, हातात काठी आली, आणि त्याला तिच्या चार पावलं मागून चालावं लागे. काठीचा ठोका चुकला की ती न वळता विचारायची, "काय झालं?"

मागून उत्तर यायचं, "हं." मग ती उजवी टाच जरा जास्तच घासत पुढे चालू लागायची.