पुढची रांग

एलर्ट ऑन्केनने चौथ्या शवपेटीचं झाकण पुन्हा उचललं. सोबतच्या दोघा खलाशांनी नाकातोंडावर रुमाल दाबून पाठ फिरवली. जहाजाच्या मागच्या तोफघरात आग शिरली तेव्हा आतल्या कुणालाच चेहरा उरला नव्हता. एलर्टने चेहरा शोधलाच नाही. त्याने डाव्या पायाचा बूट अलगद सैल केला. आत निळा मोजा होता आणि टाचेला राखाडी लोकरीचा रफू. गेशेचा हात. लोकर मिळेनाशी झाल्यापासून ती हाताला येईल त्या रंगाने नवऱ्याचे मोजे भरत असे.

"सापडलास, फोल्कर्ट," तो पुटपुटला आणि बूट परत चढवला.

इंग्रजांच्या आरमाराशी स्कागेराकची लढाई होऊन तीन दिवस झाले होते. जहाज कसंबसं जर्मनीला परतून विल्हेल्म्सहाफेनच्या गोदीत येऊन टेकलं होतं. उद्या दफन होतं, आणि कुठल्या पेटीत कोण हे ठरवून झाकणावर खडूने नाव लिहायचं काम एलर्टवर आलं होतं. असली कामं नेहमी त्याच्यावरच यायची. तो जहाजाचा बोट्समान, म्हणजे सारंग. नांगर, दोर, रंगरंगोटी, सगळं त्याच्या शिट्टीवर चालायचं. फोल्कर्ट ल्युबेन दारूगोळ्याचा प्रमुख. हुद्द्याने दोघेही डेकऑफिसर.

डेकऑफिसर म्हणजे दोन घरचा पाहुणा. कोट अधिकाऱ्यासारखा, कमरेला तलवार, पण अधिकाऱ्यांच्या टेबलावर बसायची सोय नाही. आणि खलाशी तर त्यांना पाहताच गप्प व्हायचे. लाकडी जहाजांच्या काळात बोट्समान म्हणजे कप्तानाचा उजवा हात होता म्हणे. पुढे खानदानी घरांतली पोरं नौदलात शिरली आणि त्यांना त्या उजव्या हाताची लाज वाटू लागली.

फोल्कर्ट यावर हसायचा. "मेल्यावर तरी आपल्याला कुठं ठेवायचं ते यांना ठरवावं लागेल की नाही? तेव्हा यांची तोंडं बघायला मिळाली पाहिजेत!"

एकदाच तो हसला नव्हता. जहाज पाण्यात सोडायच्या समारंभाला गेशे नवी टोपी घालून आली होती. अधिकाऱ्यांच्या बायकांत बसली, तर एका पोरसवदा लेफ्टनंटने नम्रपणे तिला उठवलं. खलाशांच्या बायकांकडे गेली, तर टोपीवालीसाठी कुणी सरकेना. अख्खा समारंभ तिने उभ्याने पाहिला. ते फोल्कर्टच्या जिव्हारी लागलं होतं.

उपकप्तान दारात आला. त्याच्या एका कानाला पट्टी होती आणि डोळे तांबारले होते.

"झालं का, ऑन्केन?"

"होतंय, साहेब. ल्युबेनला कुठल्या रांगेत घ्यायचं?"

"मागच्या. खलाशांच्या."

"तो डेकऑफिसर होता, साहेब."

"मग? डेकऑफिसर म्हणजे अधिकारी नव्हे, हे मी तुम्हाला सांगायचं?"

"नाही साहेब. पण मग खलाशी तरी होता का तो?"

उपकप्तानाने दाराला टेकून डोळे मिटले. त्याला भांडायचंही त्राण नव्हतं. "रांगेच्या टोकाला जागा द्या त्याला. आणि उद्या पुढच्या रांगेसमोर दोर बांधून घ्या. अधिकाऱ्यांच्या घरच्यांखेरीज आत कुणी यायला नको. फॉन रेटेनची आई येते आहे."

लेफ्टनंट फॉन रेटेन पाचव्या पेटीत होता. तोही त्याच तोफघरातला, त्याच उंचीचा. त्याचेही काळे पडलेले हात आणि कोटाच्या तशाच चिंध्या.

उपकप्तान गेला. खलाशी अजून पाठमोरेच होते. एलर्ट खडू हातात धरून बराच वेळ उभा राहिला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याने कधी हुकूम मोडला नव्हता. चौथ्या पेटीवर, फोल्कर्टच्या पेटीवर, त्याने लिहिलं, 'लेफ्टनंट फॉन रेटेन'. पाचवीवर लिहिलं, 'ल्युबेन'. मग स्वतःच्या हाताने खिळे ठोकले.

"बस आता अधिकाऱ्यांत," तो चौथ्या पेटीला म्हणाला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पाद्री बोलला, बंदुका झडल्या. पुढच्या रांगेत खुर्च्या मांडल्या होत्या. फॉन रेटेनची आई काळ्या जाळीआड ताठ बसली होती. उठली, फुलांचं चक्र ठेवलं, हातमोजा ठीक केला आणि मोटारीकडे गेली. फोल्कर्टसाठी बंदुका झडल्या होत्या, ॲडमिरलने सलाम केला होता. एलर्टचा ऊर भरून आला. गेशेला आज ना उद्या एकांतात सांगायचं, त्याने ठरवलं होतं. ऐकून तिला किती बरं वाटेल!

गेशे मागच्या रांगेच्या टोकाला ओल्या मातीत बसली होती. टोपी नव्हती, डोक्याला साधा रुमाल होता. शेजारी जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्या एका खलाशाची विधवा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"ये, एलर्ट," ती म्हणाली. "बस इथं. चिखल आहे, पण बस."

तो गुडघ्यांवर बसला.

"समारंभाचा दिवस आठवतो तुला? कुणी जागा दिली नव्हती मला. आज या बायांनी सरकून जागा केली." तिने मातीवर तळहात ठेवला. "फार बरं झालं त्याला इथं ठेवलं ते. तिकडं असता तर मला खुर्चीवर बसून रडावं लागलं असतं. तेही आवाज न करता."

एलर्टची नजर पुढच्या रांगेकडे गेली.

"एक विचारू? खरं सांग. लोक म्हणतात, तोफघरातले ओळखूच येत नव्हते. तूच खिळे ठोकलेस ना? पेटीत तोच होता ना?"

"होय."

"कशावरून?"

"टाचेला राखाडी लोकर होती. तुझी."

तेवढ्याने तिचा बांध फुटला. ती मातीवर ओणवी झाली, गाल टेकवला, आणि माती थोपटत राहिली, लेकराला निजवावं तशी. ती शांत होईपर्यंत एलर्ट तिच्याकडे पाहू शकला नाही. मग तिने झग्याच्या खिशातून खडीसाखरेचा एक खडा काढला. तिच्या घरातला तो शेवटचा असणार. साखर दुकानात दिसेनाशी झाली होती.

"खड्याशिवाय चहा घशाखाली उतरायचा नाही त्याच्या. तू पूर. तुझ्या हातानं पूर, त्याला आवडेल."

एलर्टने खडा घेऊन मातीत बोटं खुपसली. जरा थांबला. मग माती सारखी केली आणि मूठ मिटूनच हात मागे घेतला. गेशेने डोळे पुसले, त्याच्या मिटल्या मुठीवर हात ठेवला. "आता रोज येईन मी इथं," ती म्हणाली.

बायका गेशेला घेऊन फाटकाकडे गेल्या. एलर्ट पुढच्या रांगेकडे निघाला. खुर्च्या उचलल्या होत्या, फुलांचं चक्र वाऱ्याने कलंडलं होतं. तिथे कुणीही नव्हतं, पहाऱ्यावरच्या एका खलाशाखेरीज. त्या पोराने संकोचून बंदूक आडवी धरली.

"बोट्समान साहेब, माफ करा. या दोराच्या आत फक्त अधिकारी आणि त्यांच्या घरची माणसं."

एलर्टने दोराकडे पाहिलं. सकाळी त्यानेच तो ताणून बांधला होता. गाठही कशी, सारंगाची. सुटायची नाही.

"चुकून आलात का, साहेब?" पोराने हळूच विचारलं.

"हो," एलर्ट म्हणाला. खडा मुठीत ओला होऊ लागला होता.